रोग होण्यापूर्वीची नोंदवही

(दीर्घकालीन लोकारोग्य-अभ्यासांवरील भाषणाचे शब्दांकन)



१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका नोंदला गेला. तो एका दिवसात चढलेला नव्हता. वर्षभरापूर्वी, मार्च १९४४ मध्ये, हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले तेव्हाच तो १८६/१०८ होता. एका बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखापाशी वैद्यांची वाण नव्हती. वाण होती ती ज्ञानाची. वय वाढले की रक्तदाब वाढायचाच, किंबहुना कठीण झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी तो वाढणे आवश्यकच आहे, अशी त्या काळी अनेक नामवंत वैद्यांचीही समजूत होती.

ही समजूत चुकीची आहे हे रुग्णालयात बसून सिद्ध करता आले नसते. रुग्णालयात माणूस येतो तो रोग झाल्यावर. वीस वर्षांपूर्वी आपण काय खात होतो, किती विड्या ओढत होतो, हे त्याला नेमके आठवत नाही. आणि वीस वर्षांपूर्वीचा रक्तदाब तर कोणी मोजलेलाच नसतो. शिवाय जो पहिल्याच झटक्यात दगावला, तो रुग्णालयाच्या दप्तरात येतही नाही. तेव्हा मार्ग एकच उरतो. निरोगी माणसे निवडायची, त्यांची आजची स्थिती काटेकोरपणे लिहून ठेवायची आणि मग वर्षानुवर्षे त्यांच्या सोबतीने चालत राहायचे. कोणाला रोग होतो, कोणाला होत नाही आणि त्या दोघांच्या जुन्या नोंदींत फरक कोणता, हे काळच सांगतो.

फ्रॅमिंगहॅमचा धडा

जून १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी हृदयरोगविषयक कायद्यावर स्वाक्षरी केली आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या गावी असा अभ्यास सुरू झाला. गाव बोस्टनपासून सुमारे २० मैलांवरचे. वैद्यकीय विद्यापीठे जवळ आणि वस्ती स्थिर. याच गावाने पहिल्या महायुद्धाच्या काळात क्षयरोगाविरुद्धच्या एका सामूहिक प्रयोगात भाग घेतला होता. त्यामुळे अशा कामाची परंपरा तेथे होतीच.

योजना आखताना पहिला प्रश्न आला तो संख्येचा. समजा, दर हजार निरोगी माणसांमागे वर्षाला पाच जणांना हृदयरोग होतो. हजार माणसे घेतली तर दहा वर्षांत हाती लागणार अवघे पन्नास रुग्ण; त्यांचे वय, लिंग, धूम्रपान, रक्तदाब असे गट पाडले की प्रत्येक गटात चार-दोन माणसेच उरतील. पाच हजार घेतली तर अडीचशे रुग्ण मिळतील आणि तुलनेला काही अर्थ येईल. अभ्यासाचे बळ किती माणसे नोंदवली यावर नव्हे, तर पुढे किती जणांना रोग झाला यावर ठरते. म्हणूनच संख्या आणि वर्षे या दोहोंचा हिशेब आरंभीच मांडावा लागतो.

दुसरा प्रश्न, माणसे कोणती घ्यायची? जे आपण होऊन येतात ते बहुधा प्रकृतीची अधिक काळजी घेणारे असतात. त्यांच्यावरून साऱ्या गावाची कल्पना येत नाही. म्हणून गावातील ६,५०७ जणांचा नमुना यादृच्छिक पद्धतीने काढून त्यांना बोलावले गेले. त्यांपैकी ४,४६९ आले. त्यांत ७४० स्वयंसेवक मिळवून संख्या ५,२०९ झाली. वये ३० ते ६२. पुरुषांबरोबर स्त्रियाही पहिल्यापासून घेतल्या गेल्या, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

तिसरा प्रश्न मोजण्याचा. दर दोन वर्षांनी प्रत्येकाची तपासणी, आणि तीही एकाच रीतीने. आज एका पद्धतीने आणि उद्या दुसऱ्या पद्धतीने रक्तदाब घेतला, तर दिसणारा फरक माणसाचा की मोजणाऱ्याचा, हे कळणार नाही. त्याचप्रमाणे हृदयविकार कशाला म्हणायचे याची व्याख्याही आधीच लिहून ठेवावी लागते. निष्कर्ष पाहून व्याख्या बदलणे म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याभोवती लक्ष्याचे वर्तुळ काढणे होय.

फळ यायला वेळ लागला. १९६१ मध्ये विल्यम कॅनेल, थॉमस डॉबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात वाढलेला रक्तदाब आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा हृदयरोगाशी असलेला संबंध स्पष्ट झाला आणि ‘जोखीम-घटक’ ही कल्पना वैद्यकात रूढ झाली. रक्तदाब वाढणे हा म्हातारपणाचा धर्म नसून धोक्याची पूर्वसूचना आहे, हे आज गावातील आरोग्यसेविकाही सांगते. त्या साध्या वाक्यामागे हजारो सामान्य माणसांनी दिलेला वेळ उभा आहे. हा अभ्यास वीस वर्षांपुरताच ठरलेला होता. १९७० च्या सुमारास तो बंद पडण्याची वेळ आली. पण खासगी देणग्यांनी आणि बोस्टन विद्यापीठाने त्याला तारले. १९७१ मध्ये मूळ सहभागींची मुले आणि २००२ मध्ये नातवंडे त्यात सामील झाली.

उसन्या मापाची मर्यादा

मात्र फ्रॅमिंगहॅमच्या नोंदवहीतील माणसे जवळजवळ सारी युरोपीय वंशाची होती. इतर वंशांच्या रहिवाशांचा वेगळा समूह १९९४ मध्ये तेथे जोडावा लागला. त्या नोंदींवरून बेतलेले धोक्याचे सूत्र चीनमधील लोकांना जसेच्या तसे लावले, तेव्हा ते प्रत्यक्षापेक्षा अधिक धोका दाखवू लागले. ही विज्ञानातील उणीव नव्हे. विज्ञान तेच आहे. पण माप ज्याच्या अंगावर घेतले, कपडा त्यालाच नीट बसतो. मग आपल्या अंगाचे माप कोणी घ्यायचे?

त्याचे एक उत्तर पुण्यात मिळते. जून १९९३ मध्ये के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांसह पुण्याजवळील सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. येथे प्रश्न निराळा होता. भारतीयांना मधुमेह तरुण वयात आणि अंगाने बारीक असतानाच का गाठतो? याचे बीज गर्भावस्थेत असेल, तर नोंद चाळिशीपासून सुरू करून चालणार नाही. ती जन्माच्याही आधीपासून हवी. म्हणून खेड्यांतील विवाहित स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीच नोंद झाली. क्षेत्रसेविका दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घेत. गर्भ राहिल्याचे वेळेत कळावे, त्याचे वय अचूक ठरावे, यासाठी हा खटाटोप. प्रश्नातूनच अभ्यासाची आखणी कशी जन्मते, याचा हा वस्तुपाठ आहे.

बाळांचे सरासरी वजन भरले सुमारे २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचे होते सुमारे ३.५ किलो. एवढे तर अपेक्षितच होते. पण नुसते वजन करून संशोधक थांबले नाहीत. जन्मानंतर ७२ तासांच्या आत त्यांनी पोट, दंड आणि पाठीवरच्या कातडीखालील चरबीचीही मापे घेतली. तेव्हा दिसले की आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव पुष्कळच लहान होते, चरबी मात्र त्या प्रमाणात कमी झालेली नव्हती. वरून कृश, आतून मेदयुक्त असे हे भारतीय बाळ २००३ मध्ये जगापुढे आले. मातांच्या आहाराच्या नोंदीही बोलक्या निघाल्या. एकूण उष्मांकांपेक्षा दूध, पालेभाज्या आणि फळे यांचा बाळाच्या वाढीशी अधिक संबंध आढळला. पुढे, २००८ मध्ये असे दिसून आले की ज्या मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता.

आणि आता मन अस्वस्थ करणारी गोष्ट. या मुलांची अठराव्या वर्षी तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील ४८ टक्के मुले-मुली उंचीच्या मानाने कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या शरीरातील साखरेचे नियमन बिघडलेले आढळले. खेड्यात वाढलेली, सडपातळ, अठरा वर्षांची मुले! लठ्ठ माणसालाच मधुमेह होतो या उसन्या समजुतीवर आपण विसंबलो असतो, तर ही मुले कोणाच्या नजरेसही पडली नसती.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नोंदवहीत दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. दूध आणि फळे अधिक खाणारी माता अधिक सधन घरातली, अधिक शिकलेलीही असू शकते. अभ्यासक गणिताने हे गुंते सोडवू पाहतात. पण अखेरची कसोटी प्रयोगाचीच. म्हणून याच मुला-मुलींना, ती आई-बाप होण्यापूर्वीच, ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला. नोंदीतून प्रश्न, प्रश्नातून प्रयोग आणि प्रयोगातून पुढच्या पिढीचे हित, असा हा क्रम आहे.

छायाचित्र आणि चरित्र

२०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने सांगितले की देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. अशी पाहणी हे समाजाचे छायाचित्र असते. ते अत्यावश्यकच आहे. पण उंबरठ्यावरचे हे लोक कोणत्या वाटेने तेथवर आले आणि त्यांतले कोण मागे फिरू शकतील, हे छायाचित्र सांगू शकत नाही. त्यासाठी चरित्रच लिहावे लागते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने २०२३ मध्ये सुमारे दहा हजार जणांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला, तो याच दिशेने.

हे चरित्र लिहिणे आपल्याकडे सोपे नाही. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते आणि तिचे नावही बदलते, मुलगा कामासाठी शहर गाठतो. जो गाव सोडून गेला, त्याचाच आहार आणि दिनक्रम सर्वांत अधिक बदललेला असतो. तोच नोंदीतून निसटला तर निष्कर्ष लंगडा पडतो. त्याला धरून ठेवते ते यंत्र नव्हे, तर दारात येणाऱ्या क्षेत्रसेविकेची ओळख. तिने दिलेला शब्द पाळला, तपासणीचा अहवाल वेळेवर घरी पोहोचवला, घरातील गोष्ट चारचौघांत नेली नाही, तरच पुढच्या वेळी दार उघडते. संमती कागदावर एकदा घेतली जाते. विश्वास मात्र दर भेटीत नव्याने मिळवावा लागतो.

अशा अभ्यासाचे फळ निवडणुकीच्या पाच वर्षांत हाती येत नाही. ज्याने रक्त दिले, त्याच्या वाट्याला कदाचित काहीच येणार नाही. येईल ते त्याच्या नातवंडांच्या. आपल्या पूर्वजांनी आमराया लावल्या, त्या स्वतःच्या सावलीसाठी नव्हेत. आपल्या गावात कोणी नोंदवही घेऊन दारात आले, तर त्यांना आत बोलवावे, नीट प्रश्न विचारावेत, समाधान झाल्यास होकार द्यावा आणि पुढल्या वर्षी ते पुन्हा येतील तेव्हा घरी असावे. आपल्या नातवंडांसाठी एवढे तरी आपल्या हाती आहे.