आधी चिकटतो, मग शिरतो



न्यूमोनिया म्हटलं, की छातीच आठवते.
पण न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस हा जिवाणू आधी मुक्काम टाकतो
नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात.
कित्येक लहान मुलांत तो असतो,
आणि मूल मजेत खेळत असतं.

त्याच्याभोवती साखरेचं निसरडं आवरण असतं.
त्यामुळे पांढऱ्या पेशींना तो सहज सापडत नाही.
पण निसरड्या अंगानं चिकटायचं कसं?
घशाच्या पेशीजवळ आला, की तो हे आवरण पातळ करतो.
मग त्याची प्रथिनं पेशीला धरतात.
आधी चिकटणं, मग शिरणं.

आता त्याची लबाडी ऐका.
आपल्या पेशी अँटिबॉडी आतून बाहेर आणून सोडतात.
त्यांना वाहून आणणारं एक खास प्रथिन असतं.
हा पठ्ठ्या त्यालाच धरतो,
आणि उलट्या दिशेनं आत जातो!

फ्लू झाला, की याचं आणखी फावतं.
फ्लूचा विषाणू पेशींची वरची बाजू खरवडतो.
चिकटायला जागा मोकळी होते.
पुन्हा तेच. आधी चिकटणं, मग शिरणं.

न्यूमोकॉकसवरची लस त्या साखरेच्या आवरणाची ओळख शरीराला आधीच करून देते.
पुण्यात तयार झालेली अशी एक लस २०२० साली आली.
सरकारी लसीकरणात बाळाला ही लस मोफत मिळते.
दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना,
आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर.