शिक्षा भोगून झाल्यावर

सरकारी नोकरीसाठीं निवड झाली कीं उमेदवाराला साक्षांकनाचा नमुना भरून द्यावा लागतो. नांव, गांव, शिक्षण लिहून होतें, आणि मग प्रश्न येतो : आपणांस कधीं अटक, खटला किंवा शिक्षा झाली होती काय? पुष्कळांस तेथें 'नाहीं' लिहावयास क्षणभरहि लागत नाहीं. ज्याच्या आयुष्यांत तें घडलें आहे, त्याचा हात मात्र थबकतो. खरें लिहावें तर दार लागण्याचें भय. लपवावें तर पुढें उघडकीस येऊन लागलेली नोकरी जाण्याचें भय.

हा पेच सर्वोच्च न्यायालयापुढें अनेकदां आला आहे. दिल्ली पोलीस दलांत अर्ज करणाऱ्या एका तरुणानें विशीच्या सुमारास झालेल्या मारामारीच्या खटल्याचा उल्लेख अर्जांत केला नव्हता. खटला आपसांत मिटून तो सुटलेला होता, तरी उमेदवारी रद्द झाली. २०११ सालीं न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला व निकालपत्रांत व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरींतील, भाकरी चोरल्याबद्दल जन्मभर डाग वागविणाऱ्या ज्यां वालज्यांची आठवण केली. कायद्याच्या रुक्ष कागदांत कादंबरीचा नायक येऊन बसावा, हें विरळाच!

पुढें २०१६ सालीं तीन न्यायाधीशांच्या पीठानें नियम घालून दिले. माहिती खरीच दिली पाहिजे. परंतु लहान वयांत घोषणा दिल्यासारखी क्षुल्लक बाब कोणी लपविली असेल, तर नोकरी देणाराला तिकडे कानाडोळा करतां येईल. मात्र उमेदवारानें खरें सांगितलें, एवढ्यावरून त्याला नेमलेंच पाहिजे असें नाहीं. खरी गोम येथेंच आहे. सत्य सांगण्याची सक्ती आहे, पण सांगणाराच्या पदरीं काय पडावें हें ठरलेलें नाहीं.

इंग्लंडांत १९७४ च्या कायद्यानें, ठराविक मुदत निर्वेध गेल्यावर लहानसहान शिक्षा बहुतेक नोकऱ्यांपुरत्या पुसल्या जातात. मुलांशीं वा रोग्यांशीं संबंध येणारीं कामें वगळलीं आहेत. आपल्याकडे प्रौढांसाठीं असा सर्वसाधारण कायदा नाहीं. १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे, पण तो तुरुंगांत न पाठवितां सोडलेल्यांपुरता.

आणि तरीहि विश्वासाचा प्रयोग याच भूमींत झालेला आहे. औंध संस्थानांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें कैद्यांना शेती करून राहूं देणारी वसाहत निघाली. तिच्यावरूनच १९५७ चा 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट सुचला. तो पाहून आपण डोळे पुसले. पण त्यांतील सहांपैकीं एखादा उद्यां आपल्या इमारतींत पहारेकऱ्याची जागा मागावयास आला तर?

अफरातफर केलेल्याच्या हातीं तिजोरीची किल्ली द्या, असें मी म्हणत नाहीं. गुन्हा कोणता, त्याला किती वर्षें लोटलीं आणि आतांचें काम कोणतें, इतकें विचारल्यावांचून अर्ज बाजूस सारूं नये. येरवड्याच्या कारागृहांत कैदी सुतारकाम शिकतात, आणि त्यांच्या हातचें लांकडी सामान आपण भाव करून घरीं आणतों. तोच सुतार सुटून आला म्हणजे त्याला कारखान्याच्या फाटकाशीं पहिला प्रश्न कामाचा विचारला जावा, एवढेंच माझें मागणें आहे.