धुऱ्यावर फेकण्याआधी



निंदताना विळ्याला गुळगुळीत, पाचरीसारखा काळा दगड लागला, तर आपण तो धुऱ्यावर फेकतो. पण तो जुन्या काळातल्या कुऱ्हाडीचं पातंही असू शकतो.

नेवाशाच्या उत्खननात ३,००० वर्षांहून जुनी अशी पाती मिळाली. कठीण दगड आधी ठोकून आकाराला आणायचा, पाट्याला टाकी लावतात तसा टोचायचा, मग दुसऱ्या दगडावर घासून धार काढायची. जात्या-पाट्यावर हात झिजवलेल्या आपल्या आज्यांना ही मेहनत लगेच कळली असती.

आपल्या पवनारला विनोबाजी १९३८ मध्ये राहायला आले. तिथं जमीन खोदताना त्यांना भरत-राम भेटीचं शिल्प सापडलं. ते पवनारलाच राहिलं, म्हणून आजही ब्रह्मविद्या मंदिरात जाऊन आपण ते बघू शकतो. पुढं १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठानं पवनारला उत्खनन केलं.

वस्तू कुठं सापडली हे हरवलं, की तिची अर्धी गोष्ट हरवते. म्हणून आमच्या बचत गटात आम्ही ठरवलं आहे: असं काही दिसलं तर घासायचं नाही, शेंदूर लावायचा नाही, विकायचं नाही. जागेवरच मोबाइलवर फोटो काढायचा. शेताचा गट नंबर, तारीख आणि खोली बैठकीच्या वहीत लिहायची. मग तलाठ्याला सांगायचं. जमिनीत सापडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची जुनी पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी, असा कायदा १८७८ पासून आहे.

बचतीचा हिशेब आपण पैशापैशानं ठेवतो. आपल्या मातीचाही ठेवूया.