साखरेला उतार

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मे महिन्यात मधुमेहावर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न कोणता येणार हे मला ठाऊक असतं. ‘डॉक्टर, आंबा चालेल का?’ उत्तर शेवटी देतो. आत्ताच दिलं तर निम्मी मंडळी उठून घरी जातील.

आधी पॅरिसला जाऊ. १८७०-७१च्या हिवाळ्यात प्रशियाच्या फौजांनी त्या शहराला वेढा घातला होता. लोकांनी घोडे खाल्ले, मग उंदीरही खाल्ले. तिथल्या बुशार्दा नावाच्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं की या उपासमारीत त्यांच्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर नाहीशी झाली आहे. इन्सुलिनचा शोध लागायला अजून पन्नास वर्षं होती. पुढे इन्सुलिन आलं, गोळ्या आल्या आणि हे निरीक्षण अडगळीत गेलं. आम्हाला कॉलेजात शिकवलं ते असं: मधुमेह जन्माचा सोबती, गोळ्या वाढत जाणार, शेवटी सुई. हेच मी वीसेक वर्षं माझ्या पेशंटना ऐकवलं. आज ते मागे घ्यायला उभा आहे. सगळं नाही, पण बरंचसं.

पेशंट मला विचारतात, ‘रात्री आठला अर्धी भाकरी खाल्ली, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही, तरी सकाळी उपाशीपोटी साखर १८० कशी?’ कारण ती साखर भाकरीची नसतेच, यकृताची असते. आपण झोपतो तेव्हा मेंदूला साखर पुरवायचं काम यकृत करतं आणि ‘आता पुरे’ हे त्याला इन्सुलिन सांगतं. यकृतात चरबी साठली की ते बहिरं होतं. सांगितलेलं ऐकत नाही, साखर सोडतच राहतं. शिवाय आपल्याकडची जादा चरबी रक्तात पाठवतं. ती स्वादुपिंडात जाऊन बसली की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मुक्या होतात. आम्ही समजत होतो की त्या मेल्या. पुष्कळशा मेलेल्या नसतात, झोपलेल्या असतात.

हे कोडं सोडवलं इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी ११ मधुमेहींना आठ आठवडे रोज साधारण ६०० कॅलरींवर ठेवलं. सात दिवसांत उपाशीपोटीची साखर निरोगी माणसासारखी झाली. आठ आठवड्यांत स्वादुपिंडही कामाला लागलं. नंतरच्या एका अभ्यासात त्यांनी मोजलं, तर स्वादुपिंडातून चरबी किती गेली होती? जेमतेम ०.६ ग्रॅम. चिमूटभर मिठाएवढी! पण ती हवी तिथून निघायला माणसाला आधी किलोंनी उतरावं लागतं.

मग मोठी चाचणी झाली. टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधल्या ४९ साध्या दवाखान्यांतून ३०० वर पेशंट घेतले. मधुमेह सहा वर्षांच्या आतला, इन्सुलिन सुरू नसलेले. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद, आणि तीन ते पाच महिने पाकिटातली पूड पाण्यात कालवून रोज सव्वाआठशे-साडेआठशे कॅलरी, बस्स. वर्षअखेर या गटातल्या ४६ टक्क्यांचा मधुमेह गोळीशिवाय हटलेला होता. दुसऱ्या गटात ४ टक्क्यांचा. त्यातला जो आकडा मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे तो वेगळाच. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यापैकी ८६ टक्के सुटले. १० ते १५ किलोवाले ५७ टक्के, ५ ते १०वाले ३४. ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यातला एकही नाही. कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड यांपैकी कशाचाही असा चढता जिना मी पाहिलेला नाही.

याला इंग्रजीत रिमिशन म्हणतात आणि आपल्याकडे ‘मधुमेहमुक्ती’ची पाटी लागते. मला तो शब्द पटत नाही. मुक्ती एकदा मिळाली की मिळाली. आपल्या आयाआज्या तापाला ‘उतार पडला’ म्हणायच्या, तो शब्द नेमका आहे. गोळ्या बंद करून किमान तीन महिने झाले आणि तरीही तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.५ टक्क्यांच्या खाली आहे, तर उतार पडला. २०२१पासून जगभर हीच व्याख्या धरतात. उतरलेला ताप पुन्हा चढू शकतो. त्याच चाचणीत दोन वर्षांनी ४६चे ३६ टक्के झाले. पाच वर्षांपर्यंत पाठपुराव्यात राहिलेल्यांत १३ टक्केच. वजन परत आलं, साखर परत आली.

आता पुढच्या रांगेतले एक काका पोट आत ओढून बसलेत, त्यांच्या मनातलं मी सांगतो: ‘हे गोऱ्या धिप्पाड लोकांचं, मी तर किडकिडीत.’ पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांच्या ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांच्या २१.२ टक्के! याज्ञिकांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जन्मणारी बाळंही तपासली. वजनाने लहान, पण चरबी राखून असलेली. म्हणजे काटा काय म्हणतो याला आपल्याकडे फारसा अर्थ नाही. प्रत्येकाची चरबी सोसायची आपापली मर्यादा असते, आणि आपली लवकर संपते. टेलर यांनी पुढे सडपातळ मधुमेहींनाही वजन उतरवायला लावलं. २० पैकी १४ जणांना उतार पडला.

मग वजन उतरवायचं कसं? दिवसातून दोनदाच जेवावं की दर दोन तासांनी, या वादात महाराष्ट्रातल्या कितीतरी सुना-सासवा अबोल्यावर आल्या. मी त्यात पडत नाही. ज्याने वजन उतरेल आणि उतरलेलं राहील, ते तुमचं. चालणं जरूर करा, पण अर्धा तास चालून आल्यावर कोपऱ्यावर वडापाव खाल्लात तर हिशोब वड्याच्या बाजूने जातो. आणि एक विनवणी. उद्या सकाळी गोळ्या कचऱ्यात टाकू नका. काही गोळ्यांवर आणि इन्सुलिनवर असताना एकदम खाणं तोडलं तर साखर धोक्याच्या खाली जाते, माणूस कोसळतो. अनेकदा लहानपणीच सुरू होणारा, पहिल्या प्रकारचा मधुमेह तर वेगळाच. तिथे इन्सुलिन म्हणजे प्राण. उतार पडला तरी डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासायचाच.

काट्यावर भरवसा नाही, मग मोजायचं कशाने? हा दोरा पाहिलात? माझ्या उंचीएवढा कापलेला आहे. अर्धा दुमडायचा आणि बेंबीच्या जरा वरून कमरेभोवती घ्यायचा. टोकं भेटली पाहिजेत. दोन वर्षांपूर्वी माझी टोकं चार बोटं लांब राहायची आणि तीन महिन्यांची साखर ६.९ होती. आज... थांबा, सदरा वर करतो, हसू नका. भेटली. जेमतेम.

हां, आंबा. चालेल. एक, चिरून, आणि त्या जेवणातली एक पोळी ताटाबाहेर ठेवून. रसाच्या वाटीवर वाटी आणि सोबत पुऱ्या, याला मी आंबा खाणं म्हणत नाही. आमच्याकडे परवाच पेटी उघडली. दोरा फडताळाच्या कडीला बांधलेला असतो, आज तुमच्यासाठी सोडून आणला.