अर्ध्या गुणाचा प्रश्न

श्रोतेहो, सावद्याच्या बुद्धिबळप्रेमी मुलांसाठीं आज एका स्पर्धेची हकीकत सांगतों. जून २०२४ मध्यें गांधीनगर येथें वीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा भरली. फेऱ्या अकरा, विजयास एक गुण, बरोबरीस अर्धा. दहा फेऱ्यांअखेर नागपूरच्या अठरा वर्षांच्या दिव्या देशमुख हिचे नऊ गुण झाले होते. शेवटची गांठ बल्गेरियाच्या बेलोस्लावा क्रस्तेवाशीं.

अशा वेळीं बरोबरी करून मोकळें व्हावें, असा मोह कोणासही पडेल. बुद्धिबळ हा निवांतपणाचा खेळ, असें म्हणणारांनीं हा प्रसंग ध्यानांत घ्यावा! आर्मेनियाची मरियम म्कर्तच्यान मागोमाग होतीच. तिनें अखेर साडेनऊ गुण गांठले. दिव्यानें बरोबरी केली असती, तर दोघी एकाच पायरीवर उभ्या राहिल्या असत्या. ती जिंकली, गुण दहा, अजिंक्यपद तिचें. पुढें जुलै २०२५ मध्यें बटुमी येथें कोनेरू हंपीस हरवून तिनें महिलांचा विश्वचषकही मिळविला.

मुलांनो, अशा डावांतील खेळ्या प्रसिद्ध होत असतात. पट मांडून बसा. पुढची खेळी वाचण्यापूर्वीं आपली खेळी कागदावर लिहून ठेवा.