रोल घरी धुताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे एआयमुळे मुलांच्या नोकऱ्या राहणार की जाणार हे मी सांगेन, अशी बऱ्याच जणांची समजूत झालेली दिसते. चहाच्या वेळी तिघांनी तसं विचारलंसुद्धा. त्यांची निराशा होणार आहे. मी आज माझ्या बाथरूमबद्दल बोलणार आहे.

गेली अकरा वर्षं मी डोंगरात फिरताना फिल्मच्या कॅमेऱ्यावर कृष्णधवल फोटो काढते आणि रोल घरी बाथरूममध्ये धुते. 'रोल धुवायला टाकलाय' हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या घरी बोललं गेलेलं आहे. आपल्या मुलांना ते समजावून सांगावं लागतं. माझ्या लेकीला लहानपणी वाटायचं, आई फोटो साबणानं धुते.

मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा: खिशात फोन असताना हा उपद्व्याप कशाला? त्याचं उत्तर दोन ठिकाणी आहे, एक डोंगरावर आणि एक घरी.

आधी डोंगर. माझा कॅमेरा पेंटॅक्स के१०००, जुन्या बाजारातून घेतलेला. सगळं काम यांत्रिक. त्यातली बॅटरी फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरसाठी. ती संपली तरी कॅमेरा चालतो. रोलमध्ये ३६ फोटो. शनिवारी पहाटे गुंजवण्यातून राजगड चढायला लागायचं, गडावर मुक्काम करता यायचा त्या काळात रात्री पद्मावती देवीच्या देवळात पथारी टाकायची आणि रविवारी संध्याकाळी खाली उतरायचं, या सगळ्यात मिळून ३६. चोरदरवाजाच्या चढावर धापा टाकत असताना दहा उडवले, तर दुसऱ्या दिवशी सुवेळा माचीच्या नेढ्याजवळ सकाळचं ऊन बघत नुसतं बसायचं. म्हणून फोटो काढण्याआधी आपण थांबतो. हा हवा आहे का? आत्ताच हवा आहे, की ढग सरकल्यावर? संजीवनी माचीवर तोरणा उघडा पडावा म्हणून मी एकदा पाऊण तास बसले होते. त्या पाऊण तासात फोटो निघाला एकच, पण तोरण्याची धार मला आजही डोळे मिटून काढता येईल.

सह्याद्रीला कृष्णधवल फिल्म मानवते. काळा कातळ, पांढरं धुकं आणि मधले सगळे राखाडी. भिंगावर पिवळा फिल्टर लावला की निळं आकाश थोडं गडद होतं आणि ढग उठून दिसतात. सप्टेंबरात माचीवर सोनकी फुललेली असते, ती त्याच फिल्टरनं उजळते. धुक्यात मात्र मीटर फसतो. समोरचं सगळं पांढरं त्याला राखाडी करायचं असतं, म्हणून तो सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त प्रकाश द्यायचा. पावसाळ्यात रोल घट्ट झाकणाच्या डबीत, सोबत सिलिका जेलची पुडी. एवढं सांभाळलं की बाकी काम डोंगर करतो.

आता घर. इथे मला आपल्या सायन्सच्या सरांची आठवण काढायची आहे. सरांनी आपल्याला मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घालून पांढरा अवक्षेप दाखवला होता आणि ती परीक्षानळी खिडकीत उन्हात ठेवली होती. तास संपेपर्यंत तो राखाडी पडला. परीक्षेत तो प्रयोग दोन मार्कांचा होता. फोटोग्राफीचं मूळ तेच आहे, हे मला पस्तिशीत कळलं.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे. शटर सेकंदाचा अडीचशेवा भाग उघडतं, तेवढ्यात ज्या स्फटिकांवर प्रकाश पडला त्यांच्यात चांदीचे मोजके अणू सुटे होतात. चित्र उमटलेलं असतं, पण दिसत नाही. डेव्हलपर नेमके तेच स्फटिक ओळखतो आणि त्यांची पूर्ण चांदी करतो.

मी वापरते तो डेव्हलपर डी-७६. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा आणि कृती सगळ्यांना खुली: एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. बोरॅक्स म्हणजे आपल्या आज्यांचा टाकणखार. आमच्या क्षेत्रात शंभर वर्षं टिकलेली एकही गोष्ट नाही. पाच वर्षांपूर्वी मी लिहिलेला प्रोग्राम आज कुठे चालत असेल, तर मलाच नवल वाटेल.

काळ्या पिशवीत हात घालून, न बघता, रोल चक्रीवर चढवायचा आणि टाकीत बंद करायचा. मग दिवा लावून काम. इलफर्डच्या एचपी५ फिल्मला डी-७६ मध्ये २० अंश सेल्सिअसला साडेसात मिनिटं लागतात. एप्रिलमध्ये आपल्या नळाचं पाणी कोमटच असतं, त्यामुळे बाटल्या बर्फाच्या घमेल्यात उभ्या कराव्या लागतात. दर मिनिटाला चार वेळा टाकी उलटी-सुलटी करायची. मग स्टॉप बाथ, मग हायपो, म्हणजे बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटमध्ये भरायचो ते सोडियम थायोसल्फेट. ते चांदीचे क्षार विरघळवतं हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये दाखवलं होतं; फोटो पक्का करायला ते १८३९ पासून वापरात आलं. शेवटी धुणं. नळ सोडून ठेवायची गरज नाही. टाकी भरून पाच वेळा उलटायची, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. पाणीकपातीच्या दिवसांतही जमतं.

वापरलेला हायपो मोरीत ओतायचा नाही, त्यात चांदी असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक आहे. मी तो कॅनमध्ये साठवते आणि त्यात बारीक लोखंडी तारांचा गुंडा सोडते. लोखंड विरघळतं, चांदी खाली बसते. मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवून तांब्याचा लेप चढवला होता, तीच ही अभिक्रिया. सर, तुम्ही शिकवलेलं असं वाया गेलेलं नाही. अकरा वर्षांचा तो काळपट गाळ एका बरणीत आहे. नवरा त्याला 'आमची चांदीची भांडी' म्हणतो.

इथपर्यंत हा छंद झाला. पण आज मला एक गोष्ट सांगायची आहे, ती तुमच्यापैकी काही जणांना माहीत आहे.

२०१९ च्या डिसेंबरात आपल्यातले सात जण राजगडला गेलो होतो. आपली जी मैत्रीण २०२१ मध्ये गेली, ती सोबत होती. तिचं नाव मी घेत नाही. घेतलं तर पुढचं बोलता येणार नाही. ती गेल्यावर काकूंना भिंतीवर लावायला फोटो हवा होता. आपण सगळ्यांनी फोन चाळले. ती खूप फोटोंत होती आणि प्रत्येकात कॅमेऱ्याकडे बघून सारखंच हसत होती. काकू सगळे बघायच्या आणि म्हणायच्या, "छान आहे, पण…"

मग त्या माझ्याकडे आल्या. मी त्यांना त्या रोलची कॉन्टॅक्ट शीट दाखवली, एकाच कागदावर ३६ छोटे फोटो. भिंग घेऊन त्या एकेक बघत गेल्या आणि तेविसाव्यावर थांबल्या. संजीवनी माचीच्या बुरुजावर ती बुटाची नाडी बांधत बसली आहे, नाडी अर्धवट हातात, आणि बघते आहे तोरण्याकडे. कपाळावर केस आलेले.

मी बाथरूममध्ये लाल दिवा लावला, एन्लार्जर काढला. काकू स्टूल घेऊन दाराच्या आत बसल्या. कागद ट्रेमध्ये सोडला. अर्ध्या मिनिटानं आधी केस आले, मग भुवया, मग हातातली नाडी. काकू खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अशीच बसायची गं ती."

मी नंतर पुष्कळ विचार केला, की हा फोटो राहिला कसा? हाच फोटो फोनवर निघाला असता, तर तिनंच तिथल्या तिथे पुसायला लावला असता. 'मी बघत नाहीये, केस बघ कसे झालेत, परत काढ.' फिल्मवर निवड आधी करावी लागते, आणि एकदा केली की पुसता येत नाही. आपल्याला आपण कसे दिसावं ते ठरवता येत नाही. म्हणून माणूस होता तसा राहतो. फोन वाईट, असं मला म्हणायचं नाही. माझं पोट त्याच जगावर चालतं. पण मागे उरलेल्यांना काय हवं असेल, ते फोटो बघून लगेच ठरवणाऱ्याला कळत नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या आईवडिलांच्या कपाटात, लोखंडी ट्रंकेत निगेटिव्हच्या पट्ट्या असतील. घर आवरताना 'फोटो तर अल्बममध्ये आहेत' म्हणून आपण त्या टाकून देतो. टाकू नका. कडेला धरून उजेडासमोर बघा. अल्बमात गेले ते सगळे नीट हसलेले. न गेलेले अजून तिथेच आहेत. कोरड्या जागी, कागदी पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. आपल्या पावसाळ्यात त्यांना बुरशी फार लवकर धरते. ज्यांना प्रिंट करून हव्या असतील त्यांनी माझ्याकडे द्या. पैसे नकोत, सोबत एक बर्फाची पिशवी आणा.

आणि शेवटचं. आपला दहावीचा ग्रुप फोटो आठवतो? पुढच्या ओळीत खुर्च्यांवर सर आणि बाई, मागे बाकांवर आपण. फोटोग्राफर म्हणाला होता, "हलू नका, दोनच काढणार आहे." आज कॅमेरा घेऊन आले आहे. जेवणानंतर मैदानावर या. मीही दोनच काढणार आहे. कसा आला ते दाखव म्हणून कुणी मागे लागू नका. पंधरा दिवसांनी प्रत्येकाच्या घरी प्रिंट येईल. डोळे मिटलेले असले तरी चालेल.