महाप्रसादातला कांदा

गेल्या वर्षी महाप्रसादाच्या रस्साभाजीत आम्ही कांदा चिरला नव्हता, तरी तो पडलाच. तयार मसाल्याच्या पुडीत कांद्याची पूड होती आणि पाकिटामागची बारीक अक्षरं आमच्यापैकी कोणी वाचली नव्हती. चातुर्मास पाळणाऱ्या एका आजींनी चव ओळखली आणि पान तसंच ठेवून उठल्या. रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं.

या पुडीशी आमचं वैर नाही. इथे गुजरातेत, महुव्याला, पांढरा कांदा वाळवण्याचे कारखाने आहेत. मोठा चमचाभर पूड एका मध्यम कांद्याचं काम करते. फक्त कडकडीत तेलात टाकू नका, करपून कडू होते. पाण्यात कालवून घाला. आणि डब्यात ओला चमचा गेला, की दगड!

यंदा मात्र देवाच्या स्वयंपाकात पूड नाही. तुपात हिंग फुलवायचा, सुकं खोबरं आणि तीळ खरपूस भाजून वाटायचे, आलं आणि घरी केलेला गोडा मसाला. रस्सा दाट व्हायला, थोडा गोडवा यायला लाल भोपळा शिजवून घोटायचा. हिंग बेताने हं. रविवारी करून पाहिलं, तेव्हा आमचीच मूठ सैल सुटली. आजींना पहिलं पान वाढायचं ठरलंय. त्यांनी येते म्हटलंय.